ज्यांच्या उशाशी बसायचं त्यांच्यासाठी

सातारा,
१४ एप्रिल

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पावसाळ्याआधी कर्मचाऱ्यांनी फ्लूची लस घ्यावी असं तुमच्या वृद्धाश्रमाने सुचवलंय, सक्ती केलेली नाही, पैसे ज्याचे त्याने भरायचे आहेत आणि तू अजून नाव दिलेलं नाहीस. तुझं म्हणणं असं, की तुला साधं पडसंही दोन दिवस टिकत नाही, लस जेमतेम निम्म्या वेळा लागू पडते, आणि ज्यांना खरा धोका आहे त्या आजी-आजोबांनाच टोचलं की काम भागलं. फिजिओथेरपी शिकलेला मुलगा आहेस, वाचून प्रश्न विचारतोस. तेव्हा ‘डॉक्टर आत्या म्हणते म्हणून घे’ असं तुला सांगून चालायचं नाही. घे, असंच मी सांगणार आहे. पण ते कशाच्या जोरावर सांगते आणि तो जोर कुठे कमी पडतो, हे दोन्ही तुझ्यापुढे ठेवते.

आधी तुझा स्वतःचा दिवस बघ. सकाळी आश्रमात तू ज्यांच्या छातीतला कफ मोकळा करतोस ती माणसं तुझ्यापासून वीतभर अंतरावर असतात. पाठीवर थापट्या मारून तू त्यांना मुद्दाम खोकायला लावतोस, खोल श्वास घ्यायला लावतोस. अर्धांगवायू झालेल्यांना काखेत हात घालून उभं करतोस तेव्हा त्यांचं डोकं तुझ्या खांद्यावर टेकलेलं असतं. दुपारी खुब्याचं हाड मोडलेल्यांच्या, गुडघे बदललेल्यांच्या घरी जातोस. संध्याकाळी घरी आलास की आजीला नेब्युलायझर लावून देतोस. उमेदीची सगळी वर्षं चुलीपुढे गेलेली ती बाई, तिच्या फुप्फुसांत आता राखीव बळ उरलेलं नाही. आणि ताई सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आहे. जुलैच्या सुरुवातीला, पाऊस ऐन भरात असताना, घरात तान्हं बाळ असेल. एका दिवसात इतक्या अशक्त माणसांना इतक्या जवळून हात लावणारे लोक शहरात फार नसतात. विषाणूला एका छातीतून दुसऱ्या छातीत जायला याहून सोपी वाट मिळायची नाही.

‘ताप आला तर मी कामावर जाणारच नाही’ असं तू लिहिलंस. नेमकी तिथेच अडचण आहे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. आणि पहिली कणकण जाणवायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो इतरांना देऊ लागतो. म्हणजे तुला कळायच्या आधीचा एक पूर्ण दिवस तू आश्रमात हिंडलेला असतोस. शिवाय तुझ्यासारख्या धडधाकट माणसाला फ्लू कधी कधी इतका हलका येतो की तो त्याला फ्लू म्हणतच नाही. घसा जरा खवखवला, अंग दुखलं, एक गोळी घेतली आणि निघाला कामाला. जो पार आडवा होतो तो निदान घरात पडून राहतो. तुझी प्रकृती चांगली आहे याचा मला आनंद आहे, पण तुझ्या पेशंटच्या बाजूने बघितलं तर तीच मला काळजीची वाटते.

आता आजी-आजोबांनाच टोचलं तर का भागत नाही ते सांगते. त्यांना टोचायचंच आहे, त्यात दुमत नाही. पण वय वाढतं तशी शरीराची लसीला उत्तर द्यायची ताकद कमी होते. तीच लस तुझ्या दंडात जितकी प्रतिद्रव्यं तयार करवते तितकी ऐंशी वर्षांच्या शरीरात करवू शकत नाही. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्यांसाठी चौपट प्रतिजन घातलेली लस वापरतात, ती याच कारणासाठी. दुसऱ्या टोकाला तान्ही बाळं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. आणि फ्लूने सर्वांत जास्त नुकसान होतं ते या दोन टोकांचंच. वृद्धांच्या बाबतीत तर छातीपुरतंच थांबत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. आपल्याकडे अशा वेळी दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि आधीचा आठवड्याचा ताप कुणाच्या लक्षातही राहत नाही. सांगायचं ते इतकंच, की ज्यांना लसीची गरज जास्त त्यांच्यात ती लागू पडते कमी. त्यांचं उरलेलं संरक्षण त्यांच्या आजूबाजूच्या माणसांकडूनच यायला हवं, दुसरीकडून ते येणार नाही.

तू तो कोक्रेन संस्थेचा, लसीवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा वाचलास हे बरं केलंस. २०१८ चा तो आकडा खरा आहे: लस न घेतलेल्या निरोगी प्रौढांपैकी २.३ टक्क्यांना फ्लू झाला, घेतलेल्यांपैकी ०.९ टक्क्यांना. म्हणजे ७१ जणांना टोचावं तेव्हा एकाचा फ्लू टळतो. त्यावरून तू हिशेब मांडलास की तुझ्यासारख्याने पैसे आणि दंडाचं दुखणं कशाला पत्करायचं. तुझ्या एकट्यापुरता तो हिशेब चूक नाही. पण त्या ७१ मध्ये फक्त टोचून घेणारे मोजलेत. तुझ्यानंतर ज्यांना झाला असता ते त्यात नाहीत. पुण्यात स्कूटर चालवतोस म्हणून तुला पटेल असं सांगते: हेल्मेट आपलं डोकं वाचवतं आणि ब्रेक समोरून रस्ता ओलांडणाऱ्याला वाचवतो. तू लसीचा विचार नुसता हेल्मेट म्हणून केला आहेस.

मात्र तो ब्रेक किती लागतो हे नीट विचारायला हवं, आणि इथे मी तुला गोड गोड सांगणार नाही. दंडातल्या इंजेक्शनने प्रतिद्रव्यं मुख्यतः रक्तात तयार होतात, नाका-घशाच्या अस्तरात कमी. त्यामुळे लस घेतलेल्यालाही संसर्ग होऊ शकतो आणि त्याच्याकडून पुढे जाऊही शकतो. लस आणि फिरणारा विषाणू यांचं चांगलं जुळलं त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. नाही जुळलं तर त्याहून कमी. २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एच३एन२ विषाणूने रूप बदललं आणि लसीचा उपयोग १९ टक्क्यांवर आला. विषाणू सतत बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. त्यानंतर लस तयार होऊन आपल्यापर्यंत पोचायला काही महिने जातात. तेवढ्या अवधीत विषाणू थांबून राहत नाही.

मग दुसऱ्याचं रक्षण होतं याला पुरावा काय? मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो कॅनडाच्या पश्चिमेकडच्या हटराइट वस्त्यांमधला. हे लोक शेतीवर राहतात, सगळी वस्ती एका पंगतीत जेवते, बाहेरच्या जगाशी संबंध कमी. त्यामुळे रोग कुठून आला आणि कुणाला झाला हे मोजता येतं. २००८-०९ मध्ये काही वस्त्यांतल्या ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली आणि उरलेल्या वस्त्यांतल्या मुलांना कावीळ अ ची. कुणाला कोणती दिली हे त्यांना माहीत नव्हतं. मग ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. मुलांना कावीळीची लस मिळालेल्या वस्त्यांत अशा न टोचलेल्यांपैकी ७.६ टक्क्यांना फ्लू झाला, फ्लूची लस मिळालेल्या वस्त्यांत ३.१ टक्क्यांना. म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्या लसीने तिसऱ्याचं सुमारे ६१ टक्के रक्षण केलं. तुमचा आश्रम या वस्तीहून फार वेगळा नाही: एक स्वयंपाकघर, एक जेवणघर, एक दूरदर्शनची खोली, आणि बाहेरून विषाणू येणार तो बहुतेक तुम्हा कर्मचाऱ्यांबरोबर किंवा भेटायला येणाऱ्यांबरोबर.

जपानचं उदाहरणही नेहमी देतात. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देत, दशकाहून जास्त काळ ती सक्तीची होती. १९८७ मध्ये नियम सैल झाला, १९९४ मध्ये कायदा गेला. मुलांचं लसीकरण चालू होतं तोवर हिवाळ्यातले वृद्धांचे जादा मृत्यू कमी झाले होते, बंद पडल्यावर ते पुन्हा चढले, असं २००१ मध्ये दाखवलं गेलं. मला हे पटतं, पण ते मृत्यूंच्या आलेखावरून काढलेलं अनुमान आहे. त्या तीस-पस्तीस वर्षांत जपानात इतरही पुष्कळ काही बदललं. आपल्या देशातला प्रयोग हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधला, लहान मुलांना तीन वर्षं लस देऊन केलेला. मुलांना मिळालेलं संरक्षण पहिल्या वर्षी तुटपुंजं होतं, तिसऱ्या वर्षी चांगलं निघालं. घरातल्या इतरांना झालेला फायदा मात्र दरवर्षी सारखा दिसला नाही.

आणि तुझ्याच कामाशी थेट संबंध असलेला अभ्यास स्कॉटलंडमधला, २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. वृद्धांची दीर्घ मुदतीची शुश्रूषा करणारी २० रुग्णालयं घेतली. त्यातल्या निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना लस देऊ केली. त्या ठिकाणी हिवाळ्यात १३.६ टक्के रुग्ण दगावले, बाकीच्या ठिकाणी २२.४ टक्के. आकडा वाचून कुणीही म्हणेल की विषय संपला. पण प्रयोगशाळेतल्या तपासणीत दोन्हीकडच्या रुग्णांमध्ये फ्लूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग मृत्यू इतके कमी कशाने झाले? टीकाकार म्हणतात की एवढी घट नुसत्या कर्मचाऱ्यांच्या लसीने होणं शक्य नाही. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. त्यामुळे ‘तू लस घेतलीस की आश्रमातले मृत्यू एवढ्या टक्क्यांनी घटतील’ असं तुला कुणी सांगितलं तर मान हलवू नकोस.

इतकी वजाबाकी केल्यावर उरतं ते असं: तुला फ्लू होण्याची शक्यता लस बऱ्यापैकी कमी करते, आणि तुला झालाच नाही तर तू तो देऊ शकत नाहीस. त्यात कुठलाही चमत्कार नाही, पण ते पक्कं आहे. दुसऱ्या पारड्यात काय? एक-दोन दिवस दंड ठणकणं, कधी कणकण, अंगदुखी, आणि दीड-दोन हजार रुपये. एखाद्या संगणक कंपनीत एकटा बसून काम करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने विचारलं असतं तर मी ‘घेतलीस तर बरं’ म्हणून सोडून दिलं असतं. तुझ्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. पेशंटला हात लावण्याआधी तू हात धुतोस ना, त्याने नेमका कुणाचा संसर्ग टळला हे तुला कधीच कळत नाही. तरी कुणी न सांगता धुतोस. लसीला मी त्याच रांगेत बसवते.

तुझा सहकारी म्हणाला की लस घेतल्यावर त्याला फ्लूच झाला. दंडात देतात त्या लसीत मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यातून फ्लू होऊच शकत नाही. पण त्याचा अनुभव खोटा आहे असं म्हणू नकोस. लस लागू पडायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांत त्याला खरा फ्लू गाठू शकतो किंवा दुसरा एखादा सर्दी-तापाचा विषाणू. ऐन पावसाळ्यात लस घेणाऱ्यांचं असं होऊ शकतं. गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराबद्दलही तू विचारलंस. पाय लुळे पडलेले त्याचे पेशंट तू चालते केलेस, तेव्हा त्याची धास्ती तुला असणारच. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची जी लस दिली तिच्यानंतर लाखात एक असं प्रमाण वाढलं आणि ती मोहीम थांबवावी लागली. आताच्या लसींबाबत धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि खुद्द फ्लूनंतरही हा आजार होतो. ज्याला आधीच्या डोसनंतर सहा आठवड्यांत तो झाला असेल त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. आधीच्या डोसला अंगावर सूज येऊन श्वास कोंडण्याइतकी तीव्र ॲलर्जी झाली असेल त्याने घेऊच नये. नुसतं अंडं सोसत नाही, एवढ्याने आता अडत नाही.

‘तरुणांना काही होत नाही’ हे वाक्य मात्र तुझ्या तोंडी नको. २००९ च्या ऑगस्टमध्ये तू शाळेत होतास. पुण्यातल्या शाळा, चित्रपटगृहं बंद झाली होती, नायडू रुग्णालयापुढे तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या होत्या. स्वाइन फ्लूने देशात पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला, तो चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. तो एच१एन१ विषाणू त्यानंतर कुठे गेला नाही, आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक होऊन बसला आहे. २०१५ मध्ये देशात त्याचे सुमारे ४२ हजार रुग्ण नोंदले गेले, जवळपास तीन हजार दगावले. त्यांत तरुण आणि मध्यमवयीन लोक पुष्कळ होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले तिच्याकडे येते. तुझ्या निरोपात एक ओळ होती, ‘मावशी लोकांपैकी कुणीच नाव दिलेलं नाही.’ आश्रमातल्या मावशी म्हणजे अंघोळ घालणाऱ्या, लंगोट बदलणाऱ्या, घास भरवणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या बायका. तू एका आजोबांजवळ अर्धा तास असतोस, त्या बारा तास असतात. लसीचा विचार करायचा तर सर्वांत आधी त्यांचा करायला हवा. आणि त्यांनी नाव दिलं नाही याचा अर्थ त्या अडाणी आहेत किंवा बेफिकीर आहेत असा काढू नकोस. दीड-दोन हजार म्हणजे त्यांच्या किती दिवसांच्या कमाईचा प्रश्न आहे, याचा हिशेब कर. दुसऱ्या दिवशी अंग दुखून कामाला जाता आलं नाही तर तो खाडा. तुला ताप आला तर तू घरी बसशील, कारण तुला बसता येतं. खाड्याचे पैसे कापले जाणारी बाई अंगात ताप घेऊन येणारच, आणि दोष आपण तिला देणार. आश्रमाला राहणाऱ्यांची खरोखर काळजी असेल तर लसीचे पैसे आश्रमाने भरावेत, आणि त्याच्याबरोबर तापाच्या दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी. या दोन्हींतलं एकच होणार असेल तर मी सुट्टी मागेन. तिने फ्लूच नव्हे, श्वासावाटे पसरणाऱ्या इतर रोगांनाही आळा बसतो, आणि ती दरवर्षी बदलावी लागत नाही.

तू हे व्यवस्थापकांना सांग. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, मावशींच्या शब्दाला नाही. पण आधी स्वतः टोचून घे आणि मगच बोल. लस घेतली नाही म्हणून कुणाला चारचौघांत विचारणं, फळ्यावर नावं लावणं, असलं काही होत असेल तर त्याला विरोध कर. दुसऱ्याच्या शरीरात सुई घालायची तर त्याने ‘हो’ म्हणायला हवं, आणि ते ‘हो’ धाकाने मिळालेलं असेल तर पुढच्या वर्षी तो माणूस ताप लपवतो. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणी ताप लपवणाऱ्या माणसाइतकं धोक्याचं काही नाही. मावशींच्या शंका त्यांच्याजवळ बसून ऐक. कुणाला बीपी असेल, कुणाला मधुमेह; त्यांच्या स्वतःच्या जिवासाठीही लस आहे हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्या राज्याने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्यसेवेतले कर्मचारी यांना ही लस सरकारी दवाखान्यांत मोफत द्यायला सुरुवात केली. साठा सगळीकडे, सगळ्या वेळी असतोच असं नाही. महापालिकेच्या जवळच्या रुग्णालयात चौकशी कर. कुणाला तिथे मिळाली तर आश्रमाचा खर्चही हलका होईल.

ताईबद्दल. तिला मी वेगळं लिहिणार आहे, तू तिच्यामागे तगादा लावू नकोस. पण तुला कळावं म्हणून सांगते. बाळाला सहा महिने लस देता येत नाही, तरी आईला दिली तर तिची प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात. बांगलादेशात, ढाक्याला, ३४० गरोदर बायकांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. ज्यांना गरोदरपणात फ्लूची लस मिळाली त्यांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतला, तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. शिवाय गरोदर बाईला स्वतःलाच फ्लू जड जातो. आपल्याकडे एच१एन१ च्या साथींत त्या बायकांचे फार हाल झाले. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीच्या यादीत गरोदर स्त्रियांना सर्वांत वर ठेवलं होतं. तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिने ठरवावं. तिने घेतली तरी घरातल्या बाकीच्यांची सुटका नाही: तू, वहिनी, दादा, आणि बारशाला येऊन बाळाचे पापे घेऊ पाहणारे सगळे. सर्दी-खोकला असलेल्याला बाळाजवळ जाऊ द्यायचं नाही, मग तो मानाचा पाहुणा असला तरी. नाही म्हणायचं काम तू कर. ओली बाळंतीण ते करू शकत नाही.

आजीची लस मी मे महिन्यात येईन तेव्हा देईन. न्यूमोनियाची तिची राहिली आहे, तीही बघू. मे संपायच्या आत तुम्हा सगळ्यांचं उरकलेलं बरं, कारण आपल्याकडे फ्लूचा जोर जून ते सप्टेंबर असतो आणि अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. काश्मीरसारख्या उत्तरेकडच्या थंड भागात तो हिवाळ्यात येतो, त्यांचं वेळापत्रक आपल्याला लागू नाही. जाशील तेव्हा खोक्यावर बघून घे: दक्षिण गोलार्धाची, याच वर्षाची लस हवी. गेल्या हंगामातली उरलेली देत असतील तर घेऊ नकोस. तीन घटकांची की चार, यावरून अडून बसू नकोस. बी गटातला यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही. दोन ते आठ अंशांत ठेवलेली कुपी असावी, म्हणून जिथे फ्रिजवर लक्ष असतं अशाच ठिकाणी घे आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बस. संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, त्यामुळे हे दरवर्षीचं आहे.

लस घेतल्यावरही कफ काढायचं काम करताना मास्क चुकवू नकोस. आश्रमातल्या त्या दूरदर्शनच्या खोलीच्या खिडक्या पावसाच्या भीतीने दिवसभर लावलेल्या असतात असं तूच मागे म्हणाला होतास, त्या वाऱ्याची दिशा बघून आलटून पालटून उघड्या ठेवायला सांग. कुणा आजी-आजोबांना ताप आला तर ‘हवाबदल झाला’ म्हणून दोन दिवस काढू नयेत. म्हाताऱ्या माणसाला फ्लूत ताप फारसा चढतही नाही, तो नुसता गळून जातो, जेवत नाही, बरळतो. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा उपयोग जास्त, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायचं आणि त्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवायचं. आश्रमाला येणाऱ्या डॉक्टरांशी हे आताच बोलून ठेव.

लसीच्या पैशांचं आणि मावशींच्या सुट्टीचं व्यवस्थापकांशी बोललास की ते काय म्हणाले ते मला कळव. खर्चावर अडलं तर घाऊक खरेदीत काय भाव पडतो ते मी इथल्या औषधवाल्यांकडून काढून देईन.

दादा-वहिनींना नमस्कार, ताईला आशीर्वाद.

तुझी,
आत्या